रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर

उन्हाळ्याची रात्र आहे. जेवणे आटोपली आहेत. अंगणात खाटा टाकल्या आहेत आणि नानी गोष्ट सांगत आहेत. गोष्टीतला मुसाफिर एका ओसाड हवेलीपाशी येतो. हवेलीचे दार आपोआप किलकिले होते. मुसाफिर आत एक पाऊल टाकतो आणि नेमक्या त्याच क्षणी नानी पानदान आणायला उठतात.

सांगा बरे, अशा वेळी तुमची काय अवस्था होते? झोप कुठल्या कुठे पळून जाते. नानी परत येईपर्यंतची दोन मिनिटे दोन तासांसारखी वाटतात. आत कोण असेल? मुसाफिर सुखरूप बाहेर येईल का? मन पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारत राहते, की पुढे काय झाले?

मनाच्या या ओढीला मराठीत उत्कंठा म्हणतात. इंग्रजीत तिला सस्पेन्स म्हणतात. तुमच्या उर्दूत तिच्यासाठी तजस्सुस हा शब्द आहे. गंमत अशी, की तजस्सुस आणि जासूस हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून बनले आहेत. लपलेली गोष्ट शोधून काढणे हा त्या धातूचा अर्थ आहे. जो शोध घ्यायला निघतो तो जासूस आणि शोध घ्यायची जी हुरहुर लागते ती तजस्सुस. मराठीत जासूसाला गुप्तहेर म्हणतात. मराठेशाहीच्या जुन्या कागदपत्रांत निरोप आणि बातम्या पोचवणाऱ्या माणसाला जासूद म्हटलेले आढळते. तो शब्दही याच घराण्यातला आहे.

ही उत्कंठा निर्माण करणे ही एक कला आहे. पुढे उच्च माध्यमिक वर्गात गेलात, की इंग्रजीच्या तासालाही तुम्हांला या कलेचा अभ्यास करावा लागू शकेल. कथेत आणि चित्रपटात लेखक आपल्याला कसा धरून ठेवतो, हे तेथे पाहायचे असते. त्याआधी या कलेवर सारे आयुष्य घालवलेल्या एका मराठी लेखकाची ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव बाबूराव अर्नाळकर.

नावावरून फसू नका हं! तुम्ही आर्णीचे. आर्णीचा माणूस परगावी गेला, की लोक त्याला आर्णीकर म्हणतात. अर्नाळकर हे नाव मात्र अर्नाळा या गावावरून बनले आहे. अर्नाळा हे गाव मुंबईच्या उत्तरेला वसई तालुक्यात, अरबी समुद्राच्या काठी आहे. किनाऱ्यासमोरच्या लहानशा बेटावर एक जुना किल्ला उभा आहे. तुमच्या आर्णीजवळून अरुणावती नदी वाहते, तर अर्नाळ्याला समुद्राच्या लाटा धडकतात. म्हणजे ही दोन गावे महाराष्ट्राच्या दोन टोकांना आहेत. परंतु बाबूरावांची पुस्तके केवळ मुंबईच्या आसपास राहिली नाहीत. ती मराठी वाचणाऱ्या गावोगावी पोचली.

बाबूराव अर्नाळकर हे त्यांचे लेखनासाठी घेतलेले नाव होते. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांचा जन्म ९ जून १९०६ रोजी झाला. तो इंग्रजी राजवटीचा काळ होता. त्या वेळी आजच्यासारखे दूरदर्शन नव्हते, बोलपटही नव्हते. मूकपट म्हणजे आवाज नसलेले पूर्ण लांबीचे कथापटसुद्धा भारतात अजून तयार होऊ लागले नव्हते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट १९१३ साली आला. करमणुकीसाठी लोक कीर्तन, तमाशा, नाटक यांना जात आणि ज्यांना वाचता येई ते पुस्तके वाचत.

मराठीत त्या वेळी रहस्याने भरलेल्या कादंबऱ्या अगदीच नव्हत्या असे नाही. गोविंद नारायण दातारशास्त्री हे लेखक अशा कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध होते. त्यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांना मराठी पोशाख चढवला. भुयारे, गुप्त दरवाजे, कट आणि कारस्थाने यांनी त्या कादंबऱ्या भरलेल्या असत. परदेशात तर गुप्तहेरांच्या कथांना बहर आला होता. इंग्लंडमध्ये आर्थर कॉनन डॉइल यांनी १८८७ साली शेरलॉक होम्स हा गुप्तहेर वाचकांसमोर आणला. फ्रान्समध्ये मॉरिस लब्लां यांनी १९०५ साली आर्सेन ल्युपाँ नावाचा हुशार आणि दिलदार चोर निर्माण केला. या कथांचे वारे भारतातही पोचले होते.

बाबूरावांना लिहिण्याची प्रेरणा मिळाली ती मात्र एका मराठी लेखकाकडून. तरुणपणी त्यांची नाथमाधव यांच्याशी बातचीत झाली. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. ते आपल्या काळातले अतिशय लोकप्रिय कादंबरीकार होते. त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ऐन तारुण्यात सिंहगडाच्या परिसरात शिकारीला गेले असता ते कड्यावरून खाली पडले. जीव वाचला, पण चालणे कायमचे थांबले. दुसरा एखादा माणूस खचून गेला असता. नाथमाधवांनी अंथरुणावर पडून वाचन केले आणि मग लेखणी हाती घेतली. ‘वीरधवल’, ‘सावळ्या तांडेल’ यांसारख्या त्यांच्या कादंबऱ्या लोकांनी आवडीने वाचल्या. १९२८ साली त्यांचे निधन झाले. ज्याला स्वतःला चालता येत नव्हते, त्याने हजारो वाचकांना जंगलात, किल्ल्यांवर आणि समुद्रावर फिरवून आणले. अशा माणसाशी झालेल्या बोलण्यातून तरुण बाबूरावांच्या मनात कथा लिहिण्याची इच्छा जागी झाली.

या इच्छेचे पुढे काय झाले ते आकड्यांतच सांगतो. १९३६ ते १९८४ या काळात बाबूरावांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. या विक्रमाची नोंद गिनीजच्या जागतिक विक्रमांच्या पुस्तकात झाली. आता वही-पेन्सिल घ्या आणि हिशेब करा. ही एकूण ४८ वर्षे. हजाराला ४८ ने भागले, तर दर वर्षी २० हून अधिक पुस्तके येतात. म्हणजे सरासरी अडीच आठवड्यांना एक पुस्तक! तुम्हांला एक निबंध लिहायला किती वेळ लागतो, हे आठवून पाहा, म्हणजे या कष्टांची कल्पना येईल. असे काम एका उत्साहाच्या भरात होत नाही. त्यासाठी ४८ वर्षे रोजच्या रोज कागदासमोर बसावे लागते.

एवढ्या कथांतून बाबूरावांनी काही ठरावीक नायक पुन्हा पुन्हा आणले. झुंजार, धनंजय, काळापहाड, गोलंदाज ही त्यांची नावे. नावे ऐकूनच अंगात जोर येतो, नाही का? गोलंदाज हा शब्द तर तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो फारसीतून आला. पूर्वी तोफ डागणाऱ्याला गोलंदाज म्हणत, आज आपण क्रिकेटमध्ये चेंडू टाकणाऱ्याला गोलंदाज म्हणतो. धनंजय हा गुप्तहेर आणि छोटू हा त्याचा साथीदार. झुंजार हा धाडसी वीर. संकटात त्याची पत्नी विजया त्याच्या बरोबरीने उभी राहते. त्या काळच्या कथांत स्त्रिया बहुधा रडत बसलेल्या असत. तेव्हा धाडसात भाग घेणारी विजया वाचकांना, विशेषतः मुलींना, आवडली तर नवल नाही.

वाचकाला एकदा नायक आवडला, की तो त्याच्या पुढच्या पुस्तकाची वाट पाहू लागतो. ही झाली पहिली युक्ती. परंतु नुसत्या नायकाने उत्कंठा निर्माण होत नाही. गोष्ट सांगण्याची रीत त्याहून महत्त्वाची असते. ती समजून घेण्यासाठी आपण एक लहानशी गोष्ट आर्णीतच घडवू या.

समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत. एक मुलगा संध्याकाळी बाजारातून घरी निघाला आहे. वाट नदीच्या पात्रातून जाते. ही गोष्ट तीन प्रकारांनी सांगता येईल.

पहिला प्रकार असा. मुलगा पात्रात उतरतो, गाणे गुणगुणत चालतो आणि अचानक पाण्याचा लोंढा येतो. वाचक दचकतो. याला धक्का म्हणतात. धक्का जोरदार असतो, पण तो क्षणभरच टिकतो.

दुसरा प्रकार असा. मुलगा पात्रात उतरण्यापूर्वीच लेखक आपल्याला सांगतो, की नदीच्या वरच्या भागात दुपारी मोठा पाऊस झाला आहे आणि लोंढा खाली निघाला आहे. आपल्याला हे ठाऊक आहे, पण मुलाला ठाऊक नाही. तो मजेत पात्रात उतरतो. मध्येच थांबून गोल दगड वेचू लागतो. एक दगड खिशात टाकतो, दुसरा निवडतो. आता आपला जीव वर-खाली होतो. अरे, पळ लवकर, असे ओरडावेसे वाटते. पण आपला आवाज त्याला ऐकू जाणार नसतो. ही खरी उत्कंठा. येथे वाचकाला पात्रापेक्षा अधिक माहिती असते.

तिसरा प्रकार असा. सकाळी नदीकाठी लोक जमले आहेत. वाळूवर मुलाच्या चपला आहेत, शेजारी सात गोल दगड ओळीने मांडले आहेत. मुलगा मात्र कोठेच नाही. काय झाले असेल? दगड कोणी मांडले? हे रहस्य. येथे वाचकाला कमी माहिती असते आणि लेखक एकेक धागा हाती देत ती वाढवत नेतो.

घटना एकच, नदी एकच, मुलगाही एकच. फरक पडला तो वाचकाला कोणती गोष्ट केव्हा सांगायची या निवडीमुळे. मित्रांनो, रहस्यकथा लिहिण्याची सारी कला या निवडीत आहे. सगळे आधीच सांगून टाकले तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. काहीच सांगितले नाही तर तो कंटाळतो. थोडे सांगायचे, थोडे राखून ठेवायचे आणि राखून ठेवलेले शेवटी प्रामाणिकपणे वाचकाच्या हाती द्यायचे, हा या कथेचा नियम आहे. शेवट पटला नाही, तर वाचकाला फसवल्यासारखे वाटते आणि तो त्या लेखकाकडे पुन्हा वळत नाही.

योगायोग पाहा. बाबूरावांच्या लेखनाचा काळ जेथून मोजतात त्या १९३६ सालीच, इंग्लंडमध्ये आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाचा ‘सॅबोटाज’ हा चित्रपट आला. त्यात एक लहान मुलगा शहरातून एक पुडके घेऊन चाललेला असतो. पुडक्यात बॉम्ब आहे हे प्रेक्षकांना माहीत असते, मुलाला माहीत नसते. तो रस्त्यात रेंगाळतो, मिरवणूक पाहतो आणि घड्याळाचा काटा पुढे सरकत राहतो. अखेर बॉम्ब फुटतो आणि मुलगा मरण पावतो. प्रेक्षकांना हे सहन झाले नाही. ज्या मुलासाठी इतका वेळ जीव टांगणीला लावला, त्याचा असा शेवट लोकांना क्रूर वाटला. तेथे आपले चुकले, असे पुढे हिचकॉकनेही मान्य केले. उत्कंठा वाढवणाऱ्यावर वाचकाच्या आणि प्रेक्षकाच्या विश्वासाचे ओझे असते, हे यावरून ध्यानात घ्या.

बाबूरावांच्या वाचकांना हा विश्वास होता. झुंजार किंवा धनंजय कितीही मोठ्या संकटात सापडला, तरी तो त्यातून बाहेर येणार आणि दुष्टाला शासन होणार, याची त्यांना खात्री असे. मग उत्कंठा कशाची? तो बाहेर कसा येणार, याची! अलिफ लैलामधली शहरजाद आठवा. बादशहा सकाळी आपल्याला ठार मारणार हे तिला ठाऊक होते. म्हणून ती रात्री गोष्ट सांगे आणि पहाट होताच ऐन रंगात आलेल्या जागी थांबे. पुढची हकीकत ऐकण्यासाठी बादशहाला तिला एक दिवस अधिक जगू द्यावे लागे. अशा एक हजार एक रात्री गेल्या आणि अखेर बादशहाचे मन बदलले. जुने दास्तानगोही ऐकणाऱ्यांना असेच गुंगवून ठेवत. बाबूरावांनी हेच काम छापील पानांवर केले.

त्या पानांनी कोणाला वाचायला लावले, हे आता पाहू. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी आपल्या देशात शंभरांपैकी सुमारे १८ जणांनाच लिहिता-वाचता येत होते. जे शाळेत गेले होते, त्यांतलेही पुष्कळ जण शाळा सुटल्यावर पुस्तकाला हात लावत नसत. कामगार, दुकानात काम करणारी मुले, घरातल्या स्त्रिया यांच्यासाठी जाडजूड ग्रंथ नव्हते. संस्कृत शब्दांनी भरलेली भाषा त्यांना परकी वाटे. बाबूरावांची पुस्तके लहान असत. भाषा सोपी, वाक्ये आटोपशीर आणि घटना वेगवान असत. पुस्तक विकत घेणे परवडत नसेल, तर थोडी वर्गणी भरून ते वाचनालयातून आणता येई. एका प्रतीवर अनेकांची नजर फिरे. घरात एक पुस्तक आले, की ते आधी कोणी वाचायचे यावरून भावंडांत भांडणे होत.

घरातल्या मोठ्या माणसांना हे रुचत नसे. रहस्यकथा वाचून मुले बिघडतात, अभ्यास बुडतो, असे त्यांना वाटे. मग मुले अभ्यासाच्या पुस्तकात रहस्यकथा लपवून वाचत. बाहेरून पाहणाऱ्याला मुलगा भूगोल वाचतो आहे असे वाटे आणि आत झुंजार शत्रूच्या अड्ड्यात शिरलेला असे. पुढे मोठे होऊन चांगले लेखक आणि वाचक बनलेल्या कित्येकांनी आपल्या वाचनाची सुरुवात बाबूरावांच्या पुस्तकांपासून झाली, हे आनंदाने मान्य केले आहे.

उर्दू वाचणाऱ्या घरांतही हुबेहूब असेच घडत होते. तुमच्या दादांनी किंवा नानांनी इब्ने सफी यांचे नाव नक्की ऐकले असेल. त्यांचे मूळ नाव असरार अहमद. त्यांचा जन्म १९२८ साली अलाहाबाद जिल्ह्यातील नारा या गावी झाला. १९५२ साली अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ ही मालिका सुरू झाली आणि ‘दिलेर मुजरिम’ ही तिच्यातली पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण त्यांची पुस्तके दोन्ही देशांत वाचली जात राहिली. फरीदी आणि हमीद ही त्यांची जोडी, तसेच १९५५ पासून आलेला इम्रान हा नायक घराघरांत पोचला. १९८० साली त्यांचे निधन झाले. मराठी मुलगा धनंजय आणि छोटू यांच्यासाठी वाचनालयाच्या दारात उभा राही, तेव्हा उर्दू मुलगा फरीदी आणि हमीद यांची वाट पाहत असे. लिपी वेगळी, भाषा वेगळी, पण पुढे काय झाले हा प्रश्न दोघांच्याही मनात सारखाच होता.

चित्रपटांनीही हाच प्रश्न उचलला. मराठीतील एक गाजलेले उदाहरण सांगतो. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ साली ‘पाठलाग’ हा चित्रपट काढला. एका माणसाची पत्नी मरण पावली आहे. तिच्या मृत्यूचे दुःख ताजे असतानाच हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री समोर येते आणि मीच तुमची पत्नी असे सांगू लागते. ती खरी की खोटी? चित्रपट संपेपर्यंत प्रेक्षक हाच विचार करत राहतो. या कथेवरूनच १९६६ साली राज खोसला यांनी ‘मेरा साया’ हा हिंदी चित्रपट बनवला. तो तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. मी येथे शेवट सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट न सांगणे हा शिष्टाचार आहे आणि तो तुम्हीही पाळा.

आता एक प्रश्न सरळ विचारायला हवा. हजार पुस्तके लिहिणारा लेखक मोठा साहित्यिक म्हणून का गणला गेला नाही? समीक्षकांनी, म्हणजे पुस्तकांची पारख करणाऱ्या विद्वानांनी, बाबूरावांकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यांच्या आक्षेपांत तथ्यही होते. इतक्या वेगाने लिहिताना कथांचे साचे पुन्हा पुन्हा येत. अनेक कथांवर इंग्रजी रहस्यकथांची छाप स्पष्ट दिसे. माणसाच्या मनात खोल शिरावे, समाजाचे चित्र बारकाईने रेखाटावे, असा त्यांचा उद्देश नव्हता. पुस्तक एकदा वाचून झाले, रहस्य उलगडले, की दुसऱ्यांदा ते हाती घ्यावेसे वाटेलच असे नाही. हे सारे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. विहीर खोल असली, तरी तिच्यापर्यंत जाणारी वाट कोणीतरी पाडावी लागते. वाचनाची वाट पायाखालची झाली, की माणूस हळूहळू दूरवर जाऊ लागतो. आज तो झुंजारची करामत वाचतो, उद्या इतिहास वाचेल, परवा कविता वाचेल. ज्याने कधी पुस्तकच उघडले नाही, त्याला थोर ग्रंथांचा काय उपयोग? बाबूरावांनी वाचकाच्या हाती पहिले पुस्तक दिले आणि ते शेवटच्या पानापर्यंत वाचायला लावले. मराठी भाषेची ही सेवा लहान नाही. त्यांच्यानंतर सुहास शिरवळकर, नारायण धारप, रत्नाकर मतकरी अशा लेखकांनी रहस्यकथा, भयकथा आणि गूढकथा आपापल्या रीतीने पुढे नेल्या. त्यांच्यासाठी वाचक आधीच तयार होता. तो तयार करण्यात बाबूरावांचा वाटा मोठा होता.

५ जुलै १९९६ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षानंतर थोड्याच दिवसांत बाबूराव अर्नाळकर यांचे निधन झाले. ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी जन्मलेल्या या लेखकाने घरोघरी दूरदर्शन आलेले पाहिले. त्यांची लहान पुस्तके हाताळून हाताळून फाटली आणि बरीचशी दिसेनाशी झाली. जे पुस्तक कोणी उघडत नाही ते कपाटात वर्षानुवर्षे नवे राहते. बाबूरावांच्या पुस्तकांच्या नशिबी तसे राहणे नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी मराठी ही घरातली भाषा नाही. तुम्ही ती शाळेत शिकता. पुष्कळदा ती परीक्षेपुरतीच वाचता. शब्द अडला की पुस्तक बाजूला ठेवता. यावर एक उपाय करून पाहा. शाळेच्या ग्रंथालयातून एखादी मराठी रहस्यकथा घ्या. पहिल्या पाच पानांत दहा शब्द अडतील. अडू द्या. गोष्टीने एकदा तुम्हांला पकडले, की अडलेल्या शब्दांवरून तुम्ही उडी मारून पुढे जाल आणि त्यांतल्या निम्म्यांचा अर्थ पुढच्या पानांवर आपोआप कळेल. कोणत्या पानापासून आपण मराठी वाचत आहोत हे विसरलो, त्या पानाचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. पुढच्या पुस्तकात तो क्रमांक आणखी लहान होईल.

आणि वाचता वाचता, किंवा चित्रपट पाहताना, स्वतःला तीन प्रश्न विचारा. लेखकाने मला काय सांगितले? काय राखून ठेवले? आणि ते नेमके केव्हा माझ्या हाती दिले? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागलात, की तुम्ही नुसते वाचक राहणार नाही. लेखकाच्या पावलांचा माग काढणारे जासूस व्हाल.